सेल्फ फिरला म्हणजे चालला नव्हे

ऐन पेरणीत ट्रॅक्टरचा सेल्फ बसला की तालुक्याचा मिस्त्री म्हणतो, नवा टाका. शेजारी म्हणतो, मुंबई गाठा, रे रोडला उतरा, दारुखान्यात जुना स्वस्तात मिळेल. शेतकरी भावांनो, आमचे म्हणणे असे की खिशात हात घालण्याआधी बॅटरीकडे बघा.

इंजिन फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो. 300 अँपिअर जाताना एखाद्या सांध्यात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी 12 पैकी 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. टर्मिनलवरचा क्षार किंवा अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग एवढ्याला पुरतो. मल्टीमीटर लावा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासा. ती चांगली ठरली तर बुश झिजून आर्मेचर आत घासत असेल. बॅटरी टिकते पण सेल्फपर्यंत व्होल्ट पोचत नाहीत, तर दोष केबलचा किंवा सांध्याचा. पोचतात आणि तरी नुसता 'टक' आवाज येतो, तेव्हा सोलेनॉइडचे काँटॅक्ट नाही तर कार्बन बघायचे. कार्बन आणि बुश नव्या सेल्फच्या मानाने किरकोळ खर्चाचे. मिस्त्र्याच्या मजुरीला आमची ना नाही. ती तपासणीची असावी, अंदाजाची नको.

आर्मेचरच जळाले असेल तर खुशाल रे रोडला जा. दुकानदार सेल्फला दोन वायरी लावतो, तो गरगर फिरतो आणि सौदा होतो. ही परीक्षा नव्हे. मोकळा सेल्फ थोड्या करंटवरही फिरतो, इंजिनाचा भार आल्यावर त्याची खरी ताकद कळते. म्हणून मागचे झाकण उघडायला लावा. कम्यूटेटर गुळगुळीत आहे का, कार्बन किती उरलेत, आर्मेचरवर घासल्याच्या खुणा आहेत का, ते स्वतः बघा. दांडा हाताने हलवा, आडवा खेळला तर बुश गेले. नवा रंग पाहून भुलू नका.

दारुखान्याचे नाव झाले जहाजतोडणीमुळे. जहाजाचे मोठे इंजिन दाबलेल्या हवेने सुरू होते; सेल्फ असतो तो जनरेटरच्या किंवा लाइफबोटीच्या इंजिनाला, आणि पुष्कळदा 24 व्होल्टचा. आपल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर तो मोकळा फिरेल, ट्रॅक्टरवर मान टाकेल. फिरण्याची दिशाही उलटी असू शकते.

तेव्हा जुना सेल्फ पिशवीत घालून न्या. दोन्ही शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजा, बोल्टांची भोके जुळवा, दिशा बघा. पावतीवर व्होल्ट आणि परत घेण्याची मुदत लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. त्या गल्लीत दुकानांना तोटा नाही.