दोन बादल्यांचं गणित

शनिवारी सकाळी साडेसात वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हाफ पँट घालून दोन बादल्या समोर ठेवून गाडी धुणाऱ्या इंजिनिअरकडे लोक कसे बघतात हे मला आता पाठ झालंय. पहिल्या मजल्यावरचे काका विचारतात, "काय रे, गाडी पुसणारा आला नाही का आज?" बी विंगमधला मित्र आपल्या नव्याकोऱ्या एसयूव्हीतून उतरता उतरता म्हणतो, "अरे, विकून टाक की आता!" वॉचमन मात्र काही न बोलता खुर्ची ओढून बघत बसतो. त्याला मजा येते. मलाही येते, म्हणून चाललंय.

गाडी म्हणजे 2008 ची काळी सँट्रो. बाबांनी ती साताऱ्यात घेतली तेव्हा मी पाचवीत होतो. टीव्हीवर शाहरुख खान सँट्रोची जाहिरात करायचा, त्यामुळे वर्गात आपला भाव एकदम वर! बाबा दर रविवारी जुनं बनियन घालून ती धुवायचे आणि मला चाकं पुसायला बसवायचे. पेट्रोल किती भरलं, हवा कधी मारली, कुठला पार्ट कधी बदलला, सगळं एका लाल डायरीत. 2022 मध्ये त्यांनी "रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत" म्हणून गाडी चालवणं सोडलं, आणि किल्ली आणि डायरी दोन्ही माझ्या हातात दिली. डायरी मी कपाटात टाकली. (इथे चूक झाली. पुढे येतंच.)

2023 मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. म्हणजे आरटीओत फिटनेस तपासणी आणि पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी. त्याची फी 2022 पासून पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर वेगळा. तपासणीआधी एकदा नीट सर्व्हिसिंग करून घ्यावं म्हणून मी गाडी एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी वगैरे. दोन तासांनी हातात एस्टिमेट आलं: 17,800 रुपये. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डीकार्ब, इंजिन ड्रेसिंग, नवीन बॅटरी, हेडलाइटची नवीन जोडी, ब्रेक पॅड, आणि खाली अजून चार ओळी.

मी पैसे भरायला तयार होतो. कारण असं की त्यातलं जवळपास काहीच मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे समोरच्या मुलाला कळू द्यायची लाज वाटत होती. ऑफिसमध्ये रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर मी लॉग उघडून तासाभरात सांगू शकतो काय बिघडलंय ते. एखाद्या व्हेंडरने "सगळंच बदलावं लागेल" म्हटलं तर पुरावा मागतो. आणि इथे, ज्या यंत्रात मी आई-बाबांना बसवून खंबाटकी घाट चढतो, त्याचं बॉनेट मी शेवटचं कधी उघडलं होतं ते मला आठवेना. मेकॅनिकल नसेन मी, पण चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय ना राव! पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉबसुद्धा घासला होता. (खरं सांगायचं तर सिनियरचा विकत घेतला होता. असो.)

"विचार करून सांगतो" म्हणून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं.

पहिलं काम बॅटरीचं. टर्मिनलवर हिरवट-पांढऱ्या पावडरीचा थर होता. हा थर वीज नीट जाऊ देत नाही, त्यामुळे बॅटरी ठीक असूनही सकाळी स्टार्टर कुंथतो. आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करायचं आणि वरून थोडं पेट्रोलियम जेली. खर्च दहा रुपये. ती "संपलेली" बॅटरी त्यानंतर चौदा महिने चालली.

मग हेडलाइट. ते पॉलीकार्बोनेटचे असतात. वरचा संरक्षक थर उन्हाने मरतो आणि मग काच पिवळी पडते. आजूबाजूला मास्किंग टेप लावली, पाणी मारत 1000, मग 2000, मग 3000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं आणि शेवटी कंपाउंड. दोन तासांनी दिवे असे लख्ख झाले की मी संध्याकाळ होण्याची वाट बघत बसलो. फक्त वरून यूव्ही सीलंट लावायचा कंटाळा केला. चार महिन्यांत पिवळेपणा परत! जो संरक्षक थर आपण घासून काढतो तो परत द्यावा लागतो, एवढी साधी गोष्ट. दुसऱ्यांदा सगळं केलं, सीलंटसकट.

इथपर्यंत माझी कॉलर ताठ झाली होती. तेव्हा रंगाकडे वळलो.

काळ्या गाडीवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. माझ्या गाडीवर तर अख्खं जाळंच होतं. याचं खापर मी लगेच आमच्या गाड्या पुसणाऱ्या माणसावर फोडलं. रोज पहाटे येतो, एकच फडकं, एकच बादली, पस्तीस गाड्या. आदल्या गाडीची माती फडक्यात आणि तेच फडकं माझ्या बॉनेटवर. धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे रंगावर हळूहळू पॉलिश पेपर फिरवणं. वरचा क्लिअर कोट जेमतेम केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाइप करून तयार होती.

पाठवली नाही, कारण म्हटलं आधी स्वतः करून बघू.

पद्धत सोपी आहे. दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी पाण्याने माती सैल करायची. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली यायचं, आणि एकेक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळखळून मगच परत शाम्पूत. म्हणजे घाण एका बादलीत राहते आणि गाडीवर परत जात नाही. चाकांना वेगळं फडकं. सावलीत धुवायची आणि लगेच पुसायची, नाहीतर आमच्या टँकरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. ज्यांना पाण्याची काळजी वाटते त्यांच्यासाठी: आमच्या पाइपने 20 लिटरची बादली दीड मिनिटात भरते. दहा मिनिटं पाइप सोडून ठेवला तर सव्वाशे लिटरच्या वर गेले. माझं काम तीन बादल्यांत होतं, साठ लिटरमध्ये.

पण हे सगळं नीट करायला मला पन्नास मिनिटं लागली. एका गाडीला!

मग मी गणित केलं. पुसणाऱ्या माणसाला मी महिन्याला 600 रुपये देतो. 26 दिवस धरले तर दिवसाचे 23 रुपये. तो पहाटे पाच ते आठ असे तीन तास काम करतो आणि पस्तीस गाड्या करतो. म्हणजे एका गाडीला पाच मिनिटं. पाच मिनिटांत दोन बादल्या, वेगळं फडकं, सावली वगैरे कुठून येणार? त्याने फडकं बदलावं अशी माझी अपेक्षा, पण पस्तीस फडकी धुणार कोण आणि कुठे? त्याला साधा नळ वापरायचीसुद्धा वेळ ठरवून दिलीय आमच्या कमिटीने. ते जाळं त्याने काढलेलं नव्हतं. 23 रुपयांत मी ते विकत घेतलं होतं, अनेक वर्षं, आणि पावती त्याच्या नावावर फाडणार होतो.

तक्रार डिलीट केली. आता तो माझी गाडी रोज पुसत नाही. आठवड्यातून एकदा, माझ्या बादल्या आणि माझे मोजे वापरून, नीट धुतो. पैसे तेवढेच. मी सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "साहेब, पुसलेलं कमी आणि पैसे तेवढेच असं कोणी सांगत नाही." सुट्टीच्या शनिवारी मात्र मीच धुतो, तो हक्क मी सोडलेला नाही.

तर सांगायचा मुद्दा हा आहे. घरी गाडीचं काम करण्याचं समर्थन लोक नेहमी पैशांत करतात, आणि विरोधही पैशांतच. मित्र म्हणतो, "तुझा ताशी पगार काढ आणि सांग हे परवडतं का." बरोबर आहे, नाही परवडत. पण शनिवारी सकाळी मला ताशी पगार देतंय कोण? त्या वेळात मी लोळत रील्स बघत असतो. आणि वाचलेल्या पैशांपेक्षा मोठा फायदा म्हणजे समोरच्याच्या कामाची खरी किंमत कळते. माहिती नसली की आपल्यापुढे दोनच रस्ते उरतात: डोळे मिटून पैसे देणं किंवा प्रत्येकाला चोर समजणं. आपण शहरातली मंडळी आलटून पालटून दोन्ही करतो. वर्कशॉपमधल्या टाय लावलेल्या मुलाला 17,800 निमूट देतो आणि 600 रुपयांवाल्याशी 50 रुपयांसाठी घासाघीस करतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे सगळं स्वतःचीच आरती वाटेल.

यश डोक्यात गेल्यावर मी स्पार्क प्लग बदलायला घेतले. इंजिन थंड असताना, प्लग आधी हाताने फिरवून मग पान्याने हलकेच आवळायचा, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की मोठा खर्च. हे सगळं पाळलं. पण चारही वायरी एकदम काढल्या! लावताना दोघींची अदलाबदल झाली आणि गाडी अशी थडथडायला लागली की वॉचमन खुर्चीवरून उठला. ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांना मीच सांगतो, एका वेळी एकच बदल. असो.

आणि त्याहून गंभीर: बॅटरी आणि हेडलाइट "वाचवल्यावर" मी ठरवून टाकलं होतं की ते अख्खं एस्टिमेटच थाप आहे. ब्रेक पॅडसकट. थेरगावात एक म्हातारा मेकॅनिक आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. प्लगच्या वायरींचा घोळ निस्तरायला त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने न सांगता पुढचं चाक काढलं आणि पॅड माझ्या हातात ठेवला. नखाएवढं मटेरियल उरलं होतं. "घाट चढतोस ना? उतरायचापण असतो." एवढंच म्हणाला. एस्टिमेट लिहिणारा मुलगा त्या ओळीपुरता खरं बोलत होता, आणि अर्धवट ज्ञानाच्या जोरावर मी नेमकी तीच ओळ खोडणार होतो.

तेव्हापासून माझा नियम: ब्रेक, स्टीअरिंग, टायमिंग बेल्ट याला मी हात लावत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जात नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडत नाही. आणि त्या मेकॅनिकशी मजुरीवरून घासाघीस करत नाही.

अजून एक कबुली. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. 2019 मध्ये दोन्ही गोष्टी (एअरबॅग निदान चालकासाठी) नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या, आणि ते योग्यच झालं. कितीही पॉलिश केलं तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून आई-बाबांना घेऊन रात्री हायवेला मी आता तिला काढत नाही. 2028 मध्ये गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीची फी 2025 मध्ये दहा हजार झालीय. तेव्हा कदाचित तिला निरोप द्यावा लागेल. चालेल. पण तोपर्यंत तिला कंटाळून, काही न कळता विकायची नाही.

गेल्या महिन्यात बाबा पुण्याला आले होते. मी मुद्दाम आदल्या दिवशी क्ले फिरवून, वॅक्स लावून गाडी आरशासारखी केली होती. ते पार्किंगमध्ये आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. रंगाकडे बघितलंच नाही. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाणी जायची भोकं मोकळी केलीस का पावसाळ्यानंतर?"

कुठली भोकं?

त्यांनी झाडूची एक काडी मागितली. दाराच्या तळाला छोटी छिद्रं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. माती बसली की पाणी आत साचतं आणि दार आतून गंजतं. काडी घातल्याबरोबर चहाच्या रंगाचं पाणी भळभळून बाहेर आलं. बाहेरून आरसा, आत डबकं.

"डायरीत लिहिलंय की," बाबा म्हणाले. "दर ऑक्टोबरात."

वर जाऊन डायरी काढली. खरंच लिहिलं होतं, चौदा वेळा. पंधरावी नोंद मी केली.