रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखते

पावसाळ्याच्या सुरुवातीला दवाखान्यात एक एस.टी. कंडक्टर आले. वय चव्वेचाळीस. हातात कापड दुकानाची मोठी पिशवी आणि पिशवीत नऊ-दहा वर्षांचे कागद. पाच सोनोग्राफी, दोन वेळा एंडोस्कोपी, एकदा पुण्याला जाऊन केलेली कोलोनोस्कोपी. रक्ताच्या तपासण्यांची तर मोजदादच नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पिशवी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढं सगळं नॉर्मल आहे, तर मग मला होतंय काय?"

सकाळी उठल्यापासून ड्युटीवर निघेपर्यंत त्यांना तीन-चार वेळा शौचास जावे लागे. तरी पोट साफ झाल्याचे समाधान नाही. मुरडा येई, शौचास झाले की तासभर बरे वाटे, चहा घेतला की पुन्हा कळ. लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्युटी लागली की आदल्या रात्रीपासूनच पोटात गुडगुड सुरू. म्हणून ड्युटीच्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी राहायचे. "मध्येच गाडी थांबवायची पाळी आली तर पन्नास माणसांसमोर काय सांगू?" असा त्यांचा प्रश्न. सात वर्षांत ते सासुरवाडीच्या एकाही लग्नाला गेले नव्हते. शेवटच्या डॉक्टरांनी "तुम्हाला काहीही झालेलं नाही, डोक्यातून काढून टाका," असे सांगून परत पाठवले होते.

मी कागद तारखेप्रमाणे लावू लागलो. सर्वांत तळाशी २०१५ सालचा कागद निघाला. तो माझ्याच दवाखान्याचा, माझ्याच अक्षरातला होता. निदान : जुनाट आमांश. औषध : मेट्रोनिडॅझोल, दहा दिवस. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच औषध, आणि दोन महिन्यांनी आणखी एकदा. शौचाची साधी तपासणीही मी तेव्हा केलेली नव्हती. आजचा लेख त्या कागदामुळे लिहीत आहे.

हा आजार कोणता?

या आजाराचे नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस. मराठीत त्याला 'चिडखोर आतडे' म्हणू. आपल्याकडे कोणी याला आव म्हणतो, कोणी संग्रहणी, कोणी कोलायटिस, तर कोणी नुसतेच 'कोठा बिघडलाय' म्हणतो. यातला कोलायटिस हा शब्द तर सर्रास चुकीचा वापरला जातो. कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला खरोखरीची सूज. ती दुर्बिणीतून दिसते. आयबीएसमध्ये तसे काही दिसत नाही.

मग निदान कशावरून करायचे? रुग्णाच्या सांगण्यावरून. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१६ साली सुधारलेले 'रोम' निकष यासाठी वापरतात. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखलेले असावे. शिवाय पुढील तीनपैकी दोन गोष्टी असाव्यात : दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाला जाण्याच्या वेळा बदलणे, आणि शौचाचे स्वरूप पातळ किंवा खड्यासारखे होणे. त्रास सुरू होऊन निदान सहा महिने झालेले असावेत. कोणाला जुलाबाचा त्रास अधिक, कोणाला बद्धकोष्ठाचा, तर कोणाला आलटून पालटून दोन्ही. पोट फुगणे आणि गॅस बहुतेकांना असतोच.

मनाचे खेळ नव्हेत

आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे मोठे जाळे आहे. त्यात दहा कोटींहून अधिक पेशी असतात आणि त्यांची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालू असते. जेवण पोटात गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते, ही निरोगी माणसातही घडणारी गोष्ट आहे. फक्त त्याला ती जाणवत नाही. आयबीएसच्या रुग्णाला मात्र तीच हालचाल कळ बनून जाणवते.

ही नुसती समजूत नाही. १९७३ साली रिची या इंग्लंडमधील संशोधकाने रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा ठेवून त्यात हवा भरून पाहिली. ६० मिलिलिटर हवा भरल्यावर निरोगी लोकांत शंभरातल्या सहा जणांना दुखले, तर आयबीएसच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांना. फुगा तेवढाच आणि हवाही तेवढीच. फरक होता तो आतड्याच्या सोसण्याच्या मर्यादेत. सोनोग्राफीत आतड्याचा आकार दिसतो, त्याचे दुखणे दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो तो यामुळे.

काहींचा त्रास जुलाब-उलट्यांच्या एखाद्या मोठ्या आजारानंतर सुरू होतो. असा संसर्ग बरा झाल्यावर साधारण दहातील एकाला पुढे आयबीएस होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. माझ्या कंडक्टरांनाही एका जत्रेहून आल्यावर जोरदार जुलाब झाले होते. त्यानंतर पोट पूर्वीसारखे झाले नाही, हे ते मला २०१५ सालीही सांगत होते. मी ऐकले नव्हते.

चिंतेने त्रास वाढतो हे खरे. परीक्षेच्या दिवशी संडासाकडे धावणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पण चिंतेने वाढते म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. चिंतेने रक्तदाबही वाढतो, म्हणून त्याला कोणी मनाचे खेळ म्हणत नाही.

ही लक्षणे असतील तर थांबू नका

आता एक महत्त्वाची सूचना. वरचे सगळे वाचून कोणी स्वतःच आपले निदान करू नये. शौचातून रक्त पडणे, प्रयत्न न करता वजन घटणे, ताप येणे, रक्त कमी होणे, पोटात गाठ लागणे, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावे लागणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी तक्रार सुरू होणे, किंवा जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणे. यातले एक जरी लक्षण असेल तर पूर्ण तपासणी झालीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक तिशीतल्या बाई "माझ्या बहिणीसारखंच मलाही आयबीएस झालंय," असे म्हणत आल्या. संध्याकाळी कणकण येते का, असे विचारल्यावर हो म्हणाल्या. वजन सहा किलो उतरले होते. त्यांना आतड्याचा क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून औषधे मोफत मिळाली, पूर्ण घेतली, आणि त्या ठणठणीत बऱ्या झाल्या. तीच औषधे वर्षभर उशिरा सुरू झाली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

धोक्याचे लक्षण नसेल तर मात्र थोड्या तपासण्या पुरतात : हिमोग्लोबिन व रक्तातील पेशी, सूज दाखवणारी सीआरपी, थायरॉईड, शौचाची तपासणी, आणि जुलाब असतील तर गव्हाच्या ॲलर्जीसारख्या सीलिॲक आजाराची व आतड्याची सूज दाखवणारी कॅलप्रोटेक्टिन चाचणी. या एकदा नीट करून घ्याव्यात. नवे लक्षण नसताना दर वर्षी सोनोग्राफी केल्याने काही हाती लागत नाही. उलट प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर रुग्णाला वाटते, 'अजून सापडलेले नाही, म्हणजे काहीतरी भयंकरच असणार.' आयबीएसचा कॅन्सर होत नाही आणि आयबीएसने आयुष्य कमी होत नाही, हे त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवे.

पथ्य आणि औषध

हा आजार मुळासकट जात नाही. जो तशी हमी देईल त्याच्यापासून सावध राहावे. पण तो ताब्यात ठेवता येतो.

प्रथम वेळ पाळावी. उपाशी राहून मग एकदम पोटभर जेवल्याने आतडे अधिक खवळते. दिवसाला आठ-दहा चहा असतील तर ते दोनवर आणावेत. तंबाखू आणि मिश्रीशिवाय शौचास होत नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण तंबाखूतील निकोटिन आतड्याला चाबूक मारते. चाबकाची सवय लागलेल्या बैलासारखे आतडे होऊ नये म्हणून ती सोडणेच बरे. तंबाखूचे बाकीचे पराक्रम तर सर्वांना ठाऊक आहेतच.

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की काही पदार्थांतील साखरेच्या जातीचे घटक नीट न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथे आंबतात आणि गॅस व पाणी वाढवतात. आपल्या स्वयंपाकघरात असे पदार्थ म्हणजे कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, छोले, वाटाणा, सफरचंद. चार ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करून पाहावे. भात, ज्वारीची भाकरी, नाचणी, बटाटा, काकडी, गाजर, पपई बहुतेकांना सोसते. लसणावाचून घास उतरत नसेल तर तेलात लसणाची फोडणी करून पाकळ्या काढून टाकाव्यात. स्वाद तेलात उतरतो, त्रासदायक घटक उतरत नाही. पुढे एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून आपल्याला नेमके काय बाधते ते वहीत लिहून ठेवावे. सगळे कायमचे बंद करून अंगातले त्राण घालवू नये. फरक पडला नाही तर पथ्य सोडून द्यावे.

इसबगोल हे स्वस्त आणि उपयोगी औषध आहे, आणि ते जुलाब व बद्धकोष्ठ दोन्हींत चालते. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांचे पोट अधिकच फुगते. मुरड्यासाठी मेबेव्हेरीनसारख्या गोळ्या गरजेपुरत्या देता येतात.

एवढ्याने भागले नाही तर ॲमिट्रिप्टिलीन हे जुने औषध अगदी कमी मात्रेत देतात. इंग्लंडमध्ये माझ्यासारख्याच फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत ४६३ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि १० ते ३० मिलिग्रॅम एवढ्याच मात्रेत रुग्णांना फायदा झालेला दिसला. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयविकार असणाऱ्यांना ते चालेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे औषध मी कंडक्टरांना लिहून दिले तेव्हा दुसऱ्या दिवशी ते रागाने परत आले. "दुकानदार म्हणतो ही डिप्रेशनची गोळी आहे. तुम्हीपण मला वेडाच समजता का?" मी त्यांना बसवले आणि फुग्याची गोष्ट सांगितली. ती गोळी मोठ्या मात्रेत त्या आजारासाठी आहे, पण छोट्या मात्रेत ती आतड्याकडून येणाऱ्या वेदनेचा आवाज कमी करते, असे समजावले. पंधरा मिनिटे गेली. तेवढी पंधरा मिनिटे मी २०१५ साली दिली असती तर ही पिशवी भरली नसती.

आम्हा डॉक्टरांसाठीही

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. शौचात चिकट पडते एवढ्यावरून अमीबाचे औषध वारंवार देण्याची आमच्या पिढीची सवय आता सुटली पाहिजे. ते औषध फार दिवस घेतले तर पायांना मुंग्या येऊ शकतात, आतड्यातील उपयुक्त जंतूही मरतात, आणि मूळ आजार तसाच राहतो. रुग्णाला 'काही झालेलं नाही' म्हणण्याऐवजी 'तुम्हाला हे झालेलं आहे' असे आजाराचे नाव घेऊन सांगावे. निम्मी धास्ती तिथेच जाते.

आणि एक मागणी समाजाकडे आहे. बसस्थानकावरचे, शाळेतले, बाजारातले स्वच्छतागृह उघडे आणि स्वच्छ असेल तर या रुग्णांना घराबाहेर पडण्याचा धीर येतो. विशेषतः बायका पाणी पिणे, खाणे बंद करून प्रवास करतात. त्याला कोणतीही गोळी उपयोगी नाही.

दिवाळीनंतर कंडक्टर पुन्हा भेटले. त्रास गेलेला नाही. महिन्यातले चार-पाच दिवस अजून वाईट जातात. पण ते ड्युटीला निघताना अर्धी भाकरी खाऊन निघतात आणि लांब पल्ल्याची गाडी नाकारत नाहीत. नवी तपासणी सांगू नका, असे त्यांनी स्वतःहून सांगितले.

ज्या वाचकांच्या घरी अशी कागदांची पिशवी असेल, त्यांनी ती घेऊन एकाच डॉक्टरांकडे जावे, धोक्याची लक्षणे नाहीत ना याची एकदा खात्री करून घ्यावी, आणि मग त्याच डॉक्टरांकडे टिकून राहावे.