खंगर

मराठीच्या मास्तराने कोळशाच्या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण शब्दांच्या मागे लागलेला माणूस कुठे जाऊन पोचेल, याचा नेम नसतो. ‘खंगर’ हा असाच एक शब्द. वीटभट्टीत जाळ फार लागला म्हणजे काही विटा पाघळून एकमेकींना चिकटतात, काळ्यानिळ्या काचेसारख्या होतात. तो खंगर. कोळशाच्या भट्टीत राखेचे असेच दगड बनतात, त्यांना कारखान्यात ‘क्लिंकर’ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण दुखणे तेच.

आमचे जालना हे लोखंडी सळ्यांचे गाव. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांना वीज लागते, आणि चंद्रपूर, कोराडी, परळी येथे वीज होते ती कोळसा जाळून. म्हणजे सळईच्या मुळाशी कोळसा आहेच. आणि कोळसा आला की राख आली.

आपल्या कोळशात राख जरा जास्तच. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी झाडपाला वाहून आणला, त्याबरोबर गाळही आला. त्यामुळे वीजकेंद्रात शंभर किलो कोळसा जाळला, तर तीस-चाळीस किलो राख उरणे ही नित्याची गोष्ट.

आता पाहा, या राखेत मुख्यतः वाळूचे सिलिका आणि चिकणमातीतले ॲल्युमिना. पहिले वितळते 1700 अंशांच्या वर, दुसरे 2000 च्याही वर. मग भट्टीत खंगर व्हावाच का? उत्तर सोनाराला विचारावे. तो मुशीत टाकणखार घालतो, काचवाला वाळूत सोडा घालतो. एका पदार्थाच्या संगतीने दुसरा लवकर पाघळतो. कोळशात हे काम लोह करते. लोहमाक्षिक नावाचे पिवळे चकचकीत खनिज कोळशात असते. त्यातला गंधक जळून जातो, लोह मागे राहते. भट्टीत हवा कमी पडली, की हे लोह वाळूशी मिळून 1200 अंशांच्या आसपासच वितळू लागते. हवा पुरेशी असेल, तर तेच लोह तितके उपद्रवी ठरत नाही. तेव्हा दोष नुसता कोळशाचा नसतो. भट्टी कशी चालवली, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

सोडियम आणि पोटॅशियम यांची तऱ्हा निराळी. ती वाफ होऊन वर जातात, पुढच्या थंड नळ्यांवर गंधकाच्या संगतीने चिकट थर धरतात, आणि उडती राख त्यावर बसत जाते. नळीतल्या पाण्याला मग आच पोचत नाही. कोळसा जळतो तेवढाच, वाफ मात्र कमी. आपल्या राखेत ॲल्युमिना भरपूर, म्हणून ती सहसा उशिरा वितळते, हे खरे. पण तिच्यातले वाळूचे कठीण कण नळ्या घासून झिजवतात. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले!

राखेचा स्वभाव ओळखायची परीक्षा साधी आहे. राखेचा चिमुकला सुळका करून तापवतात. आधी टोक वाकते, मग त्याचा अर्धगोल होतो, शेवटी तो पसरतो. प्रत्येक पायरीचे तापमान टिपून ठेवतात.

पण 2012 पासून आपल्याकडे वीजकेंद्रांच्या कोळशाची प्रत ठरते ती त्याच्या एकूण उष्णतेवर. सुळका कुठे वाकला, हे त्या प्रतीवरून कळत नाही. ते कळते भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशातल्या ऊँचाहार वीजकेंद्रात 500 मेगावॉटच्या नव्या संचात भट्टीच्या तळाशी राख साचली, आतला दाब वाढला आणि तप्त वायू बाहेर फुटले. चाळीसहून अधिक माणसे गेली.

मराठीत ‘राख होणे’ म्हणजे संपणे. जळून राख झाली की गोष्ट मिटली, असे आपण समजतो. भट्टीवाल्यांचा अनुभव उलटा आहे: खरे काम राखेपासूनच सुरू होते. दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर झगमगाट होईल, तेव्हाही कुठल्यातरी बॉयलरच्या तळाशी कुणी लांब सळई घेऊन खंगर फोडत असेल. कोळशाचा भाव करताना त्याच्या राखेचीही चौकशी झाली, तर त्या माणसाचे काम थोडे हलके होईल.