आकाशातलं गायरान

गायरानावर पहिलं अतिक्रमण कधीच दांडग्याच्या नावानं होत नाही, गरिबाच्या सोयीसाठी म्हणूनच होतं. इवल्याशा खासगी जेट विमानांचा सध्या चाललेला प्रचार मला त्याच जातीचा वाटतो. चार-सहा माणसांची जेट स्वस्त होतील, टॅक्सीसारखी मिळतील, लातूरचा डॉक्टर आणि इचलकरंजीचा कारखानदार सकाळी उडून संध्याकाळी घरी येईल, आकाश सर्वांना खुलं होईल, असं सांगितलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. अशी विमानं वाढली तर आकाश सर्वांसाठी आणखी आक्रसेल, आणि त्याची किंमत विमानात कधी न बसलेला माणूसही मोजेल.

आधी वस्तुस्थिती पाहू. साडेचार टनांच्या आसपास किंवा त्याहून कमी वजन, दोन छोटी इंजिनं (कधी एकच), चार ते सात आसनं आणि एकाच वैमानिकाला उडवता येईल अशी रचना. अशा विमानांना ‘व्हेरी लाइट जेट’ म्हणतात. अमेरिकेत ‘एक्लिप्स 500’ला सप्टेंबर 2006 मध्ये उड्डाणाची मान्यता मिळाली. सुरुवातीला त्याची किंमत दहा लाख डॉलरच्या आत ठेवण्याचं आश्वासन होतं. त्याच विमानांवर फ्लोरिडात ‘डेजेट’ नावाची हवाई टॅक्सी ऑक्टोबर 2007 मध्ये सुरू झाली. हजारो जेट आभाळ भरून टाकतील, असे अंदाज तेव्हा छापून येत होते. पुढे किंमत वाढत गेली. डेजेट वर्षभरही टिकली नाही, सप्टेंबर 2008 मध्ये बंद पडली. नोव्हेंबरमध्ये एक्लिप्स कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा विकली गेलेली विमानं सुमारे 260. सर्वांसाठी म्हणून निघालेली ही गाडी शेवटी ज्यांच्याकडे आधीच गाडी होती त्यांच्याच दारात उभी राहिली.

‘मोबाइलही आधी श्रीमंतांकडेच होता, आज रिक्षावाल्याकडे आहे,’ असा युक्तिवाद माझ्या ओळखीतले उद्योजक करतात. त्यात आपल्या समाजातले तरुणही आहेत, आणि त्यांच्या उमेदीचा मला आदर आहे. पण ही तुलना चुकीची आहे. मोबाइल वापरणारे वाढले तसा टॉवरचा खर्च जास्त लोकांत वाटला गेला. जेटचं गणित तसं चालत नाही. वैमानिक, इंधन, देखभाल आणि विमा यांचा खर्च चारच प्रवाशांवर पडतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक विमानाला धावपट्टी लागते, आणि एका वेळी धावपट्टीवर एकच विमान उतरतं. ते एकशे ऐंशी माणसांचं असो की चार माणसांचं.

मी कसबा पेठेत राहतो. इथल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. फडके हौदाच्या चौकात एकटा माणूस बसलेली लांबलचक गाडी आडवी येते आणि तिच्यामागे पन्नास माणसं भरलेली पीएमपीची बस भोंगा वाजवत उभी राहते. गाडीवाला म्हणतो, मीही कर भरतो. भरतो, खरं आहे. पण रस्ता करानं लांब-रुंद होत नाही.

आकाशात तर छोटं विमान मोठ्याहून अधिक जागा अडवतं. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे तयार होतात. हलकं विमान त्यात सापडलं तर उलटू शकतं. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सात टनांपर्यंतचं विमान एअरबस 320 सारख्या मध्यम विमानामागे उतरत असेल, तर दोघांत किमान पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरहून जास्त अंतर ठेवावं लागतं. दोन एअरबस एकामागे एक असतील तर तीन मैल पुरतात. शिवाय छोट्या जेटचा वेगही कमी असतो, त्यामुळे त्याच उंचीवर मागून येणाऱ्याला खोळंबावं लागतं. म्हणजे चार माणसांसाठी रांगेत जास्त मोकळी जागा, आणि नियंत्रकाच्या पडद्यावर ठिपका तेवढाच.

हे कागदी गणित नाही. मुंबईत ते भोगून झालं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरच्या गर्दीपायी केंद्र सरकारला तासाची विमानं गर्दीच्या वेळी 46 वरून 44 आणि एरवी 44 वरून 42 वर आणावी लागली. त्याच वेळी खासगी विमानांवरची बंदी दिवसाला चार तासांवरून आठ तास केली गेली. खासगी विमानं अडचण करत नसती तर ही वेळ आली असती का? त्याच्या काही महिने आधी, 14 सप्टेंबर 2023 ला, पावसात उतरणारं एक लियरजेट तिथल्या धावपट्टीवरून घसरून मोडलं. आतले आठही जण वाचले, ही मोठीच गोष्ट. पण एका छोट्या जेटसाठी देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाची धावपट्टी बंद ठेवावी लागली आणि हजारो प्रवासी अडकले.

पुण्याची स्थिती तर आणखी बिकट. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. 1939 पासूनचा. प्रवासी विमानांना तिथे मिळतो तो उरलेला वेळ. जुलै 2024 पासून नवी देखणी इमारत वापरात आली, पण धावपट्टी तीच, सुमारे अडीच किलोमीटरची. लांब पल्ल्याची मोठी विमानं भरून उडवायला ती तोकडी. म्हणूनच हजला जाणाऱ्या आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांना अजून मुंबई गाठावी लागते. सत्तरीतली माणसं एहरामची पिशवी मांडीवर घेऊन द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत बसतात. नागपूरहून, औरंगाबादहून हजची विमानं सुटतात, पुण्याहून नाही. अशा शहरात उरलेला वेळही चार आसनांच्या जेटला वाटायचा का?

आता अनुदानाचं बोलू, कारण या शब्दावरून आम्ही पुष्कळ टोमणे ऐकले आहेत. हज यात्रेचं अनुदान सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितलं. सरकारनं ते 2018 मध्येच संपवलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. ते पैसे हाजींच्या हाती पडतच नव्हते, विमानभाड्यापोटी कंपनीला जात होते, आणि ते बंद करा अशी मागणी आपल्यातल्याच कित्येकांनी केली होती. पण मग तोच न्याय सगळ्यांना लावा. सरकारी जमिनीवरची धावपट्टी, हवाई दलाचा वेळ, सरकारी नियंत्रकांचे श्रम, अग्निशमन दल, हे सगळं चार माणसांच्या सोयीसाठी राबत असेल, तर त्यालाही अनुदानच म्हणायचं. एका म्हातारीच्या तिकिटातला हिस्सा लांगूलचालन, आणि उद्योगपतीच्या विमानासाठी थांबवलेली रांग म्हणजे विकास, हे मला मान्य नाही.

‘छोटी जेट मोठ्या विमानतळांवर येणारच नाहीत, ती ओस पडलेल्या धावपट्ट्या जागवतील,’ असं म्हटलं जातं. हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. पण अनुभव काय सांगतो? 2009 मध्ये राज्यातल्या पाच धावपट्ट्या एका बड्या उद्योगसमूहाकडे भाडेपट्ट्यानं गेल्या. त्यात नांदेड, लातूर, यवतमाळ, धाराशिव होती. लातूर, यवतमाळ, धाराशिव इथं नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही. आणि लातूरहून उडणारा माणूस जाणार कुठे? मुंबईला, पुण्याला. एक टोक ओस असलं तरी दुसरं गजबजलेलंच राहणार. 2017 मध्ये उडान योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला काही आसनं अडीच हजारांत देण्याचा वायदा होता. साध्या चपलेतल्या माणसालाही विमानात बसवू, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यातले कित्येक मार्ग सुरू होऊन बंद पडले. ते पुन्हा उभे करायचे तर गर्दीच्या विमानतळांवर त्या विमानांना वेळ हवा. तो वेळ खासगी जेटला देणं म्हणजे साध्या चपलेतल्या माणसाला पुन्हा एसटीत बसवणं.

आणि जमीन? पुरंदरमधली सात गावं विमानतळासाठी जाणार आहेत. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. अंजीर आणि सीताफळाच्या बागांचा हा मुलूख. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर तिथे लाठी चालली. ‘सार्वजनिक हित’ म्हणून ही जमीन मागितली जाते. ते हित खरोखर सार्वजनिक असेल तर त्यावर वाद घालता येईल. पण लोहगावात आहे तो वेळ खासगी विमानांत वाटून टाकायचा, मग जागा पुरत नाही म्हणून शेतकऱ्याच्या बागेवर मोजणीचे खुंट ठोकायचे, याला हित म्हणता येणार नाही.

विज्ञानाला माझा विरोध नाही. रुग्णाला किंवा प्रत्यारोपणाच्या अवयवाला घेऊन जाणारं छोटं जेट सर्वांत आधी उतरावं, हवाई दलानंही त्याला वाट द्यावी. माझ्या मागण्या साध्या आहेत. रुग्णवाहिका विमान पहिलं, नियमित प्रवासी विमान दुसरं, खासगी शेवटचं, हा क्रम राज्यातल्या प्रत्येक गजबजलेल्या विमानतळावर लेखी असावा. गर्दीच्या तासातलं शुल्क विमानाच्या वजनावर नको, त्यानं अडवलेल्या वेळेवर असावं. कोणत्या विमानतळावर दरमहा किती खासगी विमानं उतरली, हे फलकावर लागावं. आणि पुरंदरची एक गुंठा जमीनही घेण्याआधी लोहगावचा आजचा वेळ कोण वापरतो याचा हिशेब गावकऱ्यांपुढे ठेवावा.

गावच्या गायरानात श्रीमंताचीही गाय चरते, तिला कुणी हाकलत नाही. पण त्यानं कुंपण घातलं तर ग्रामसभेत उठून विचारावं लागतं. हे कुंपण अजून पुरतं उभं राहिलेलं नाही, तोवर विचारलेलं बरं. आपल्या आमदाराला, खासदाराला, हज समितीच्या सदस्याला पुढच्या भेटीत एवढंच विचारा: पुण्याच्या धावपट्टीवर माझ्या आईचा नंबर कितवा?