लाईन गेल्यावर काय?

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप आणि समोर उघडं पडलेलं एक मशीन. म्हटलं, आज याच्यावरच लिहावं. गेले आठ महिने माझे सगळे वीकेंड यानेच खाल्लेत.

मशीन म्हणजे काय, तर मोटरवर चालणारं व्यायामाचं यंत्र. जिममध्ये दोर ओढला की लोखंडी प्लेटा वर जातात ना, तसंच. फक्त प्लेटांच्या जागी मोटर. तुम्ही दोर ओढता, मोटर उलट्या दिशेने तेवढाच ताण धरून ठेवते. टोनल नावाच्या अमेरिकन कंपनीने 2018 साली असं भिंतीवरचं यंत्र बाजारात आणलं, 200 पौंडांपर्यंत ताण देणारं. त्यानंतर अशा यंत्रांची रांगच लागली. जाहिराती बघा: काचेची मोठी खिडकी, चकचकीत फरशी आणि सिक्स पॅकवाला एक गडी. माझं म्हणणं असं की या जाहिरातींतला गिऱ्हाईकच चुकलाय.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव मार्कंडा. गडचिरोली जिल्हा, तालुका चामोर्शी. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, काठावर मार्कंडेश्वराची जुनी दगडी देवळं आहेत. लोक कौतुकाने विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. माझे बाबा धानाचे शेतकरी. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत बांधीतल्या चिखलात वाकून उभा राहणारा माणूस. मागच्या उन्हाळ्यात ते अंगणात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण तीन महिन्यांनी मी घरी गेलो तर त्यांचा पाय बघवेना. मांडी माझ्या दंडाएवढी झालेली. हाड जुळवायला डॉक्टर मिळतो हो, गेलेली ताकद परत आणायला गावात कोण मिळणार?

आणि ती परत येते, ही यातली सगळ्यात चांगली बातमी. 1990 साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या साधारण नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. नऊ जण शेवटपर्यंत टिकले, आणि त्यांच्या पायातली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आमचे बाबा तर चौसष्टचे.

आता तुम्ही म्हणाल, मग वाळूची पिशवी बांधायची पायाला, मोटर कशाला? बाबाही हेच म्हणाले. रास्त प्रश्न आहे. विहिरीवरचं चाक आणि बादली म्हणजे तरी दुसरं काय आहे? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांना काही प्लगची गरज लागली नव्हती. तुम्ही तिशीतले धडधाकट असाल तर दोन डंबेल, एक रबरी पट्टा आणि दंड-बैठका तुम्हालाही भरपूर झाल्या. मोटरच्या यंत्रावर लाखभर उडवू नका, स्पष्ट सांगतो.

पण अशक्त माणसाचं गणित वेगळं असतं. त्याला पाच किलोवरून थेट साडेसात जमत नाही, पाचावरून साडेपाच जमतं. उचलताना ताकद कमी पडते, पण तेच वजन हळूहळू खाली सोडताना स्नायू जास्त भार पेलतो. प्लेटेला हे कळत नाही, ती जाताना-येताना तेवढीच जड. मोटरला मात्र सांगता येतं: ओढताना सहा किलो, सोडताना आठ. आणि 25 किलोचा ताण देणारं माझं यंत्र स्वतः 14 किलोचं आहे. रेल्वेने बल्लारशा आणि पुढे एसटीने मांडीवर घेऊन गेलो. लोखंडी प्लेटा नेल्या असत्या का?

मोटर म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली, जुन्या बाजारातून घेतलेली. तिला 4 सेंटीमीटर त्रिज्येचं दोर गुंडाळायचं रीळ बसवलं. 25 किलोचा ताण म्हणजे सुमारे 245 न्यूटन, म्हणजे मोटरला हवा साधारण 10 न्यूटन-मीटर पीळ. स्कूटरच्या मोटरला हे जड नाही. बाकी सामान बुधवार पेठेतून, कोड माझा. हुश्श! झालं की, वाटलं.

पहिल्याच दिवशी अक्कल आली. मी जोरात दोर ओढला की पॉवर सप्लाय बंद पडायचा. दोन रविवार कोडमध्ये बग शोधला, बग तिथे नव्हताच. तुम्ही दोर ओढता तेव्हा काम तुम्ही करता, मोटर त्या वेळी जनरेटर होते. 25 किलोचा दोर 60 सेंटीमीटर ओढला की जवळजवळ 150 ज्यूल ऊर्जा उलटी आत येते. साध्या सप्लायला फक्त द्यायचं माहीत, घ्यायचं नाही. व्होल्टेज चढतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. मी एक मोठा रेझिस्टर लावला आणि ती ऊर्जा त्यात जाळून टाकली. प्रश्न सुटला असं समजून मशीन गावी नेलं.

तिसऱ्या दिवशी बाबा पलंगासमोर उभे राहून, किंचित मागे रेलून दोर ओढत होते. ताण आठच किलो. आणि लाईन गेली.

आमच्याकडे लाईन जाणं ही काही बातमी नसते. पण त्या क्षणी दोरातला ताण शून्य झाला. बाबा मागच्या मागे गेले. पलंग होता म्हणून वाचलो. लागलं काही नाही. पण पडून हाड मोडलेल्या माणसाला मीच बनवलेल्या यंत्राने पुन्हा पाडलं होतं. ते उठून बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, हे मशीन लाईनीच्या भरोशावर हाय. मंग मी कायच्या भरोशावर राहू?"

नंतर महिनाभर त्यांनी दोराला हात लावला नाही.

पुण्यात माझ्या सोसायटीला जनरेटर आहे. तोवर मला एकदाही सुचलं नाही की "वीज गेली तर" ही या यंत्राची पहिली टेस्ट केस आहे. ऑफिसात सर्व्हर पडला तर काय, याच्यावर आम्ही तासन् तास मीटिंगा घेतो. इथे माणूस पडत होता!

उत्तर तसं जुनंच आहे, तुमच्या लिफ्टमध्ये आहे. लिफ्टचा ब्रेक विजेने लागत नाही, तो स्प्रिंगने लागतो. वीज असेतोवर तो उघडा धरलेला असतो. वीज गेली की स्प्रिंग आपलं काम करते. तोच प्रकार मी रिळावर बसवला. आता वीज गेली की दोर आहे तिथे घट्ट थांबतो, रेललेल्या माणसाला धरून ठेवतो. शिवाय मध्ये एक बॅटरी टाकली. उलटी येणारी ऊर्जा ती पिते, आणि लाईन गेली तरी व्यायाम पुरा होतो. ती कधी पूर्ण भरत नाही, थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवतो. रेझिस्टर आहेच जोडीला.

म्हणून माझं मत असं: घरच्या व्यायामयंत्राच्या माहितीपत्रकात पहिली ओळ "कमाल वजन" ही नसावी. पहिली ओळ असावी, वीज गेल्यावर दोराचं काय होतं. दुसरी, वजन कमीत कमी किती वाढवता येतं. तिसरी, इंटरनेट आणि महिन्याची वर्गणी नसताना ते चालतं का. या तीन ओळी ज्यात नाहीत ते यंत्र काचेच्या खिडकीवाल्या गड्याला विका. त्याला तसंही त्याची गरज नाही. ज्यांना गरज आहे ते गुडघे धरून खाटेवरून उठताहेत, आणि त्यांच्याकडे लाईन जाते.

असो.

दिवाळीत नवा ब्रेक बसवून दिला. बाबांनी आधी मला दोराला रेलायला लावलं आणि स्वतः जाऊन मेन स्विच पाडला. मी पडलो नाही. मग त्यांनी दोर हातात घेतला. परवा फोनवर कळलं की साडेबारा किलोवर पोचलेत. महाशिवरात्रीला काठीशिवाय वैनगंगेच्या वाळूत उतरायचं म्हणतात.

मी रजा टाकून ठेवलीय.