पाच दिवसांचे माहेर

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्यानंतर साडेअठरा वर्षांनी, २० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले, की जिल्हा व तालुका पातळीवरील महिला व बालविकास विभागाचे अधिकारी निश्चित करा आणि सहा आठवड्यांत त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून घोषित करा. ज्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर या कायद्याची सारी मदार आहे, तोच अनेक ठिकाणी जागेवर नव्हता, हा त्याचा सरळ अर्थ. पीडित महिलांसाठी निवारागृहांची सोय करण्याविषयीही न्यायालयाने निर्देश दिले. आदेश स्वागतार्ह आहे. तथापि त्यातून नवी पदे निर्माण होत नाहीत. असलेल्याच अधिकाऱ्याला आणखी एक पदनाम मिळते. ज्या टेबलावर अंगणवाड्या आणि पोषण आहाराच्या फायली साचतात, त्याच टेबलावर आता मारहाणीचे अर्जही येतील.

तालुक्याला अधिकारी मिळाला, असे धरून चालू. घर सोडून आलेल्या स्त्रीपुढचा पहिला प्रश्न मात्र त्या रात्रीचा असतो. त्यासाठी १ एप्रिल २०१५ पासून ‘वन स्टॉप सेंटर’, म्हणजेच सखी केंद्रांची योजना सुरू झाली. वैद्यकीय मदत, पोलीस, समुपदेशन, वकील आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली देण्याची ही कल्पना निर्विवाद चांगली आहे. परंतु तेथील मुक्कामाची मर्यादा पाच दिवसांची. दुसरीकडे, दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज गेला की कायद्यानुसार पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत पडावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. ही मुदत तंतोतंत पाळली गेली, तरी पाच आणि साठ यांच्यामध्ये जवळजवळ दोन महिने उरतात. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच किती तारखा जातात, हे न्यायालयाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. या मधल्या काळात स्त्रीने राहायचे कोठे, हा निवारा-व्यवस्थेचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नसले, की ती ज्या घरातून निघाली त्याच घरी परतते आणि सरकारी नोंदीत ‘तडजोड झाली’ असा शेरा पडतो.

दीर्घ मुक्कामाची सोयच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पूर्वीची स्वाधारगृहे आणि मानवी व्यापारातून सोडवलेल्या स्त्रियांसाठीची उज्ज्वला गृहे एकत्र करून २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली शक्ती सदने अस्तित्वात आली. प्रशासकीयदृष्ट्या ही जोडणी सुटसुटीत असेलही. पण दोन्ही स्त्रियांच्या गरजा वेगळ्या आहेत. टोळीच्या तावडीतून सुटलेल्या मुलीला गुप्तता आणि कडेकोट बंदोबस्त हवा. नवऱ्याच्या मारातून निघालेल्या बाईला मात्र सकाळी कामावर जायचे असते, मुलांना शाळेत सोडायचे असते, दुपारी वकिलाला गाठायचे असते. बंदोबस्ताचे नियम सर्वांना सरसकट लावले, तर तिची नोकरी जाते आणि नवऱ्यावरील ज्या अवलंबित्वामुळे ती इतकी वर्षे सोसत राहिली, तेच आणखी घट्ट होते.

मुलांचा प्रश्न तर याहून अवघड. स्वाधारगृहाच्या नियमांनुसार मुलीला अठराव्या वर्षापर्यंत आईजवळ राहता येत असे. मुलाला मात्र आठव्या वर्षापर्यंतच. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला बालगृहात पाठवायचे, की त्याच्यासाठी पुन्हा सासरचा उंबरठा चढायचा, हा पर्याय समोर आल्यावर आई काय निवडते, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

स्त्रियांना आसरा देण्याचा महाराष्ट्राचा वारसा मोठा आहे. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम. ते प्रामुख्याने विधवांचे आश्रयस्थान होते, काळही निराळा होता. पण या संस्थांनी दिवस मोजले नाहीत. शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत ती मुलगी तेथली होती.

निवारागृहाच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया मुळात थोड्याच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील सुमारे २५ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशपातळीवर शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कधी मदत मागितली, ना कोणाला सांगितले. मदत मागणाऱ्यांचा पहिला आधार माहेरचीच माणसे असतात. पोलीस आणि वकील फार नंतर येतात. म्हणून माहेर, शेजार, वस्ती यांचे वागणे येथे निर्णायक ठरते. गावात तर कोणाच्या घरात काय चालते, हे सर्वांना ठाऊक असते. राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने भावबंदकीचे आणि बांधाचे तंटे गावातच मिटवण्याला प्रतिष्ठा दिली. बांधाच्या वादात मधला मार्ग निघू शकतो. मारहाणीत मधला मार्ग म्हणजे काय? पंचांनी नवऱ्याला समज द्यायची आणि बाईला ‘नांदायला जा’ म्हणायचे, याला तंटा मिटला म्हणत नाहीत.

याच समाजात वेगळे प्रयोगही झाले आहेत आणि ते टिकले आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसवतो. ही कल्पना पुढे राज्यभर गेली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी उभे केलेले ‘दिलासा’ केंद्र ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईला केसपेपरपाशीच ओळखायला परिचारिकांना शिकवते. धारावीत ‘स्नेहा’ संस्थेच्या संगिनी वस्तीतल्याच बायका आहेत. या तिन्ही प्रयोगांत पीडितेला कोठे मदत शोधत जावे लागत नाही. ती जेथे येते किंवा राहते तेथेच मदत उभी असते. दहा दारे हिंडून अकराव्या दाराशी अर्ज मिळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि परिणामकारक आहे.

निवाऱ्याविषयी बोलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. २००५ च्या कायद्याचा गाभा निवारागृह नव्हे, घर हाच आहे. कलम १७ स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते, मग त्या घरावर तिचे नाव असो वा नसो. कलम १९ नुसार दंडाधिकारी मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर पडण्याचा आदेश देऊ शकतो किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाच्या दुसऱ्या घराची सोय करायला, परिस्थितीनुसार भाडे भरायलाही सांगू शकतो. डिसेंबर २००६ च्या बत्रा निकालाने ‘सामायिक घरा’चा अर्थ पतीच्या मालकीपुरता किंवा त्याच्या हिश्श्यापुरता संकुचित केला होता. घर सासऱ्यांच्या नावावर असले, की सुनेचा दावा तेथेच अडे. ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ रद्दबातल ठरवला. तोवर जवळजवळ चौदा वर्षे उलटली होती.

आजही चर्चा होते ती खाटा किती आणि सदने किती याची. पीडितेने घर सोडायचे आणि मारणाऱ्याने तेथेच राहायचे, हे जणू गृहीतच धरले जाते. कलम २३ नुसार अंतरिम, प्रसंगी एकतर्फी आदेश मागता येतो. पाच दिवसांचा मुक्काम संपण्याआधी तो मिळाला, तर सदनाची पायरी चढण्याची वेळ अनेकींवर येणारच नाही. त्यासाठी पहिल्या दिवशीच नीट लिहिलेला अर्ज आणि घटनेचा अहवाल लागतो. तो लिहिण्याची जबाबदारी संरक्षण अधिकाऱ्याची आहे आणि न्यायालयाने सहा आठवड्यांत नेमायला सांगितला तो हाच अधिकारी.