पत्ता मिळाला, वाट मिळाली नाही

एखादे यंत्र पूर्णपणे बंद पडले तर त्याची दखल सारेच घेतात. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला ते दिसते आणि दुरुस्तीची व्यवस्था होते. परंतु यंत्र अर्धवट चालू लागले की दोष कोणाचा याविषयी वाद सुरू होतो, आणि बहुधा जो दुबळा त्याच्याच माथी तो मारला जातो. महाविद्यालयातील संगणकांच्या जाळ्याबाबत हा प्रकार नेहमीचा आहे. समजा, निरनिराळ्या विभागांत मिळून वीस लहान राउटर बसविले आहेत. त्यांपैकी सोळा सुरळीत चालतात. उरलेल्या चारांवर हिरवे दिवे लागतात, मोबाइलवर वायफाय जोडल्याची खूणही दिसते, पण एकही पान उघडत नाही. निकाल लगेच दिला जातो : "हे चार राउटरच हलक्या प्रतीचे. सर्व्हरमध्ये दोष असता तर बाकीचे सोळा कसे चालले असते?" हा निकाल वरवर तर्कशुद्ध वाटतो, परंतु तो चुकीचा ठरण्याचा संभव फार आहे, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागते. एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम मूळ व्यवस्था थोडक्यात पाहू. जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. आपला पत्ता कोणता, आपल्या वस्तीची हद्द कुठवर, वस्तीबाहेर जाण्याचे दार कोणते, आणि नाव सांगितल्यावर पत्ता शोधून देणारा कोण. यांनाच अनुक्रमे आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस म्हणतात. एके काळी हे सारे प्रत्येक यंत्रात हाताने भरावे लागे. १९८५ मध्ये बूटपी नावाची पद्धत आली. तिच्याच पायावर १९९३ मध्ये डीएचसीपीचे नियम लिहिले गेले, आणि मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे सुधारित रूप थोड्याफार भरीसह आजही वापरात आहे. यंत्र हाक मारते, सर्व्हर पत्ता देऊ करतो, यंत्र तो रीतसर मागते आणि सर्व्हर मान्यता देतो, असा हा चार निरोपांचा व्यवहार असतो.

यातील एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. सर्व्हरच्या निरोपात पत्त्यासाठी ठरलेली स्वतंत्र जागा असते. बाकीच्या गोष्टी मात्र क्रमांक घातलेल्या कप्प्यांतून येतात : मास्क १ क्रमांकाच्या, गेटवे ३ क्रमांकाच्या, डीएनएस ६ क्रमांकाच्या. म्हणून पत्ता पोहोचला आणि बाकीचे पोहोचले नाही, असे सहज घडू शकते. पत्ता मिळालेले यंत्र स्वतःला जोडलेले समजते. बरे, आपल्या विभागातील लहान राउटर बाहेरच्या अंगाने महाविद्यालयाच्या सर्व्हरकडून घेतो आणि आतल्या अंगाने आपल्या मोबाइलना स्वतःच वाटतो. त्यामुळे मोबाइलला पाहून काही कळत नाही. त्याला सारे काही मिळालेले असते. उणीव असते ती त्याला देणाऱ्याच्या पदरात.

आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? येथे गोष्ट थोडी निराळी आहे. आडात पाणी आहे, पोहराही धड आहे. मधल्या दोराची लांबी कोणी मोजलेली नाही.

उणीव कशाची आहे हे शोधण्यास महागडे साधन लागत नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या अंगाची माहिती लिहिलेली असते. एका चालणाऱ्या आणि एका न चालणाऱ्या राउटरची ती माहिती कागदावर शेजारी शेजारी उतरवावी. गेटवेची जागा रिकामी असेल तर वस्तीतील सर्व्हर उत्तर देतो, पण बाहेरचे कोणीच देत नाही. डीएनएस नसेल तर ८.८.८.८ सारखा अंकी पत्ता उत्तर देतो, नावाने मात्र काही उघडत नाही. मास्क चुकला असेल तर जवळचे यंत्र परके वाटू लागते. पत्ताच मिळाला नसेल तर तो आजार वेगळा; त्याची चर्चा येथे नको.

यापुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे : हा आजार कशाच्या मागे जातो? जागेच्या, बनावटीच्या की वेळेच्या? चांगल्या खोलीतील राउटर आजारी खोलीत न्यावा आणि तेथला इकडे आणावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. त्यातून जे कळते ते तासभर वाद घालूनही कळत नाही.

राउटर बदलूनही आजार त्याच खोलीत राहिला, तर दोष त्या भागासाठी सर्व्हरमध्ये लिहिलेल्या नोंदीत असण्याचा संभव अधिक. जुन्या इमारतीसाठी पत्त्यांचा एक विभाग, नव्या प्रयोगशाळेसाठी दुसरा, अशी वाटणी मोठ्या जाळ्यात असते. जुन्या विभागाच्या पोटात लिहिलेला डीएनएस नव्या विभागाला आपोआप लागू होत नाही. सर्वांना समान असलेली गोष्ट सर्वांच्या वर लिहावयाची आणि प्रत्येकाची निराळी असलेली गोष्ट त्याच्या खाली, एवढी साधी शिस्त न पाळल्याने एक संपूर्ण मजला अंधारात राहतो, आणि नाव मात्र त्या मजल्यावरील राउटरचे होते.

आजार विशिष्ट बनावटीच्या राउटरबरोबर फिरू लागला, तर 'राउटरच खराब' म्हणणाऱ्यांना आपले म्हणणे सिद्ध झाले असे वाटेल. परंतु येथेच खरी गंमत आहे. प्रत्येक यंत्र हाक मारताना आपल्याला काय काय हवे याची यादी ५५ क्रमांकाच्या कप्प्यातून पाठविते. पुष्कळ सर्व्हर या यादीत असेल तेवढेच देतात. शिवाय १२१ क्रमांकाचा एक कप्पा आहे. त्यातून निरनिराळ्या ठिकाणच्या वाटा सांगता येतात. डिसेंबर २००२ च्या नियमाप्रमाणे, ज्या यंत्राला हा कप्पा समजतो त्याने तो मिळाल्यावर ३ क्रमांकाच्या गेटवेकडे दुर्लक्ष करावयाचे असते. आता समजा, ग्रंथालयाच्या सर्व्हरकडे जाणारी वाट सांगण्यासाठी कोणी १२१ मध्ये तेवढी एकच ओळ लिहिली आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी मुख्य वाट त्यात लिहावयाची राहिली. जुन्या राउटरना १२१ माहीत नाही. ते ३ वाचतात आणि व्यवस्थित चालतात. नवे राउटर नियम काटेकोर पाळतात आणि अडकून बसतात. म्हणजे नियम पाळणारा नापास आणि नियम ठाऊक नसलेला उत्तीर्ण! अशा वेळी सोळा चालतात म्हणून चार खराब, हा न्याय किती उलटा आहे ते वाचकांनीच पाहावे.

तिसरा प्रकार वेळेचा. तोच राउटर सकाळी चालतो, दुपारी नाही, पुन्हा चालू केला की कधी बरा होतो, कधी होत नाही. अशा वेळी जाळ्यावर दोन सर्व्हर उत्तरे देत आहेत काय ते पाहावे. वसतिगृहात कोणी घरून आणलेल्या राउटरची केबल बाहेरच्या तोंडाऐवजी आतल्या तोंडात खोचली की तो राउटर साऱ्या इमारतीला पत्ते वाटू लागतो. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचे बहुधा स्वीकारले जाते. उत्तर कोणी दिले ते ५४ क्रमांकाच्या कप्प्यात लिहिलेले असते. चांगल्या स्विचमध्ये अशा परक्या उत्तरांना अडविण्याची सोयही असते. ती चालू करण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

बिदरच्या वाचकांना एक दाखला जवळचा वाटेल. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, नौबादजवळ जांभ्या दगडातून भुयार कोरून पाणी आणले गेले. त्या करेझवर ठिकठिकाणी जमिनीपासून भुयारापर्यंत उभे झरोके सोडले आहेत. त्यांतून आत हवा जाते, गाळ काढता येतो आणि वाहते पाणी डोळ्यांनी पाहता येते. पाणी कोठे अडले हे ठरविण्यासाठी शेवटच्या माणसाच्या घागरीला दोष देत बसावे लागत नाही; झरोक्यातून वाकून पाहावे लागते. जाळ्यालाही असे झरोके आहेत. सर्व्हरचा लॉग हा एक. आणि ६७ व ६८ या क्रमांकांवरून जाणारे निरोप टिपून दाखविणारे, विनामूल्य मिळणारे वायरशार्क हा दुसरा. काय मागितले आणि काय दिले हे दोन्ही तेथे अक्षरशः वाचता येते. मग मत देण्याची गरजच उरत नाही.

याउलट आपल्याकडील रूढ उपाय म्हणजे 'बंद करून चालू करा'. त्याने काही वेळा काम भागते हे खरे. पण पुरावाही त्याबरोबर पुसला जातो. आणखी एक सावधगिरी हवी. सर्व्हरमधील नोंद दुरुस्त केल्याबरोबर फरक दिसत नाही. पत्ता ठराविक मुदतीच्या कराराने दिलेला असतो आणि यंत्र साधारणतः निम्मी मुदत संपल्यावर तो नव्याने मागते. मुदत एका दिवसाची असेल तर दुरुस्ती पोहोचावयास बारा तास लागू शकतात. तेवढा धीर नसल्यामुळे केलेली योग्य दुरुस्ती पुन्हा मोडली जाते आणि गोंधळात भर पडते. अशा ठिकाणी एखाद्याच राउटरला पत्ता सोडून नव्याने मागावयास लावावे आणि पडताळा घ्यावा.

आता 'मागितले नाही म्हणून दिले नाही' या समर्थनाविषयी. नियमाच्या दृष्टीने ते बिनतोड आहे. परंतु व्यवस्थापकाला तेवढ्यावर थांबता येणार नाही. डीएनएसमास्क नावाच्या सर्व्हरमध्ये तर, यंत्राने मागितले नसले तरी अमुक गोष्ट द्यावीच, अशी आज्ञा लिहिता येते. आपल्या कार्यालयांच्या खिडक्यांवरही हाच प्रश्न उभा असतो. ३७१-जे कलमाखालील पात्रतेचा दाखला लागतो हे ज्याला घरातून कळले तो तो मागतो. ज्याच्या घरात कॉलेज पाहणारा तोच पहिला, त्याला काय मागावे हेच ठाऊक नसते. त्याला प्रवेश मिळतो, पुढची वाट मिळत नाही. ज्याला मागता येत नाही त्यालाही आवश्यक तेवढे द्यावे, हा नियम सर्व्हरला लागू करणारा महाविद्यालयाचा माणूस तो खिडकीवरही लागू करील, अशी आशा आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या खोलात जाण्याचे कारण काय? कारण असे की शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे अर्ज, निकाल हे सारे आता या जाळ्यावरूनच होते. औरादहून किंवा आळंदहून पहिल्या बसने आलेल्या मुलीला शेवटच्या तारखेस 'तुमच्या विभागाचा राउटर खराब आहे' असे ऐकून परत जावे लागले, तर तिचे वर्षाचे गणित चुकू शकते. आणि दुरुस्तीसाठी हैदराबादचा किंवा सोलापूरचा माणूस येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. कलबुर्गीचे पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून, तर विद्यापीठ १९८० पासून आहे. बिदर आणि भालकीतही अभियांत्रिकी शिकविली जाते. ज्या भागात ही विद्या पाठ्यपुस्तकात आहे, त्या भागात ती शेजारच्या खोलीतील यंत्राला उपयोगी पडू नये, ही गोष्ट भूषणावह नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक महाविद्यालयाने जाळ्याची एक नोंदवही ठेवावी. कोणत्या भागाला कोणते पत्ते, कोणता गेटवे, कोणता डीएनएस आणि कोणत्या तारखेस कोणी काय बदलले, हे तीत असावे. ती मराठी व कन्नड दोन्ही भाषांत असावी, म्हणजे माणूस बदलला तरी माहिती हरवणार नाही. दुसरी, दरवर्षी संगणक विभागाच्या काही विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या देखरेखीखाली हे निरोप वाचावयास शिकवावे. पासवर्ड हाती न देताही हे करता येते. तिसरी, कोणताही राउटर 'खराब' ठरविण्यापूर्वी त्याने काय मागितले आणि त्याला काय मिळाले हे कागदावर लिहून दाखविण्याची सक्ती असावी.

राउटर खराब होतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु काहींना मिळते आणि काहींना मिळत नाही असे दिसले, की आधी वाटणाऱ्याची वही तपासावी आणि मग घेणाऱ्याचे भांडे. हा क्रम आपण उलटा लावतो तोवर नवे राउटर विकत घेत राहू आणि तेही त्याच खोलीत तसेच हिरवे दिवे लावून मुकाट बसतील.